रात्र वैऱ्याची असेल तर झोपायचं कसं?

कानोसा (धागाकर्ती)
दंगल, बंद, धरपकड, संचारबंदी. बातमीत जखमी किती आणि गाड्या किती जळल्या ते येतं, झोपेचा हिशेब कुठेच लागत नाही. जिथे एक दगडही पडलेला नाही अशा गल्लीतही त्या दिवसांत डोळ्याला डोळा लागत नाही. आणि सगळं निवळून महिना झाला की तीच माणसं विचारतात, "आता तर शांत आहे ना, मग झोप का येत नाही?"

एका मदत गटाच्या स्वयंसेवकांसाठी यावर दोन पानी टिपण करायचंय. जाणकारांना तीन प्रश्न. अशा काळात झोपेचं नेमकं काय बिघडतं? गडबड चालू असताना घरात काय करता येतं? आणि निवळल्यावर गाडी रुळावर कशी आणायची?

"मन प्रसन्न ठेवा" छापाचे सल्ले नकोत. कोण बरोबर, कोण चूक हेही इथे नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तिरकस
वेगळा धागा काढला की सगळ्यांच्याच झोपेचं खोबरं. इथेच बरा आहे. वाचनखूण साठवली.

अर्धोन्मीलित
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं प्रारूप अजून कामाला येतं. झोप दोन गोष्टींवर चालते: जागेपणी तासातासाने साठत जाणारा झोपेचा दाब, आणि शरीरातलं घड्याळ, ज्याला मुख्यतः उजेड चावी देतो. अशांततेत या दोन्हींच्या डोक्यावर तिसरी गोष्ट बसते, ती म्हणजे राखण. धोका आहे एवढं मेंदूने धरलं की नाडी आणि अंगाचा ताठरपणा खाली यायला तयार नसतो. दाब कितीही साठो, दार उघडत नाही. "मेल्यासारखं दमलोय पण झोप नाही" ही तक्रार इथून येते. दमणं वेगळं, झोप येणं वेगळं.

झोपेतही कान चालूच असतात. आपलं नाव हाक मारल्यावर माणूस परक्या नावापेक्षा लवकर हलतो, हे १९६० सालीच प्रयोगातून दाखवून झालंय. म्हणजे झोपेतही मेंदू आवाज चाळतो, आणि त्याच्याकडे दखल घ्यायच्या आवाजांची एक यादी असते. एरवी ती छोटी असते. अशा दिवसांत ती फुगते: शेजारचं दार, दुचाकीची पुंगळी, कुत्र्यांचं एकदम भुंकणं, जिन्यातली पावलं. यातल्या प्रत्येकाला पूर्ण जाग येत नाही, तीन ते पंधरा सेकंदांची बारीक जाग येते. सकाळी त्यातलं काही आठवत नाही, अंग मात्र ठेचून काढल्यासारखं असतं.

कोणता भाग जातो ते गोंधळाच्या वेळेवर ठरतं. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे दाट होते. रात्री दहा ते एक गोंधळ असेल तर गाढ झोप तुटते, पण संधी मिळाली की शरीर ती आधी वसूल करतं. पहाटे चारला दार ठोठावलं जाण्याची धास्ती असेल तर घाला स्वप्नझोपेवर, म्हणजे आपल्या साखरझोपेवर.

खुसपट
सगळं मेंदूवर ढकलू नका. आवाज हा आवाजच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शिकेत रात्रीच्या आवाजाची मर्यादा घराबाहेर ४० डेसिबल दिलीय. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असेल तर जागं राहायला भीती कशाला लागते?

अर्धोन्मीलित
ती वर्षभराची सरासरी आहे, एका रात्रीला लावून उपयोग नाही. झोपेला सरासरी आवाजापेक्षा अवतीभवतीच्या शांततेतून अचानक वर आलेलं टोक जास्त छळतं, आणि त्या आवाजाला चिकटलेला अर्थ त्याहून जास्त. रुळाशेजारी राहणारे गाडी गेली तरी घोरत असतात. त्यांच्याकडे तेवढ्याच आवाजाचा पण कधी न ऐकलेला धमाका झाला तर ते उठून बसतील.

मूलभूत_शंका
मग जिथे आवाजच नाही तिथे झोप जाते याला काही पुरावा आहे का, की नुसतं "भित्यापाठी ब्रह्मराक्षस"?

आकडेमोड
आहे. तीन अभ्यास देतो, त्यातला तिसरा उलट्या बाजूचा.

अमेरिकेत नि:शस्त्र कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर, घटनेशी काही संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांतही सात तासांहून कमी आणि सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. श्वेतवर्णीयांत तसा बदल दिसला नाही. हा अभ्यास २०२४ चा. यांच्या खिडकीखाली काहीही घडलं नव्हतं.

हाँगकाँगमध्ये २००९ पासून त्याच गटाला पुन्हा पुन्हा तपासणारा एक दीर्घ अभ्यास चालू होता. २०१९ च्या आंदोलनांच्या काळात त्यात नैराश्याची शक्यता असलेले ११.२ टक्के निघाले. २००९ ते २०१४ मध्ये तो आकडा १.९ टक्के होता. समाजमाध्यमांवर रोज दोन तास किंवा जास्त घालवणाऱ्यांत त्रास जास्त होता. वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न यांनी फरक पडलेला दिसला नाही. हा अभ्यास झोपेचा नव्हे, पण झोप उडणं आणि नैराश्य हे एकमेकांचे हात धरूनच फिरतात.

आता तिसरा. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत असताना पेरेत्झ लाव्ही यांच्या गटाने मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून झोप नोंदली. झोपेच्या तक्रारी भरपूर वाढल्या होत्या, यंत्रावर मात्र इशाऱ्याच्या वेळा सोडल्या तर झोप बऱ्यापैकी शाबूत निघाली. लोक उठत होते आणि पुन्हा झोपतही होते.

खुसपट
बघा! म्हणजे अर्धं रडगाणंच.

आकडेमोड
असं नाही. मनगटावरचं यंत्र हालचाल मोजतं. निपचित पडून आढ्याकडे बघणारा त्याला झोपलेलाच दिसतो, आणि वर अर्धोन्मीलित यांनी सांगितलेली बारीक जाग तर त्याला दिसतच नाही. पण टिपणात एक वाक्य मात्र जरूर घ्या: "रात्रभर डोळा लागला नाही" असं वाटलेल्या रात्रीही बहुधा काही तास झोप झालेली असते. हे माहीत असलं की दुसऱ्या रात्रीची धास्ती निम्मी होते.

पेंगुळलेला
प्रतिसाद वाचतोय. वेळ बघू नका.

तिरकस
झोपेच्या धाग्यावर पहाटे २:५० ला प्रतिसाद देणाऱ्यांना संपादक मंडळाने चोवीस तासांची सक्तीची झोप द्यावी.

गस्तवाला
दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वस्तीत रात्रीचा पहारा ठेवतात, त्यात हमखास होणारी चूक म्हणजे सगळेच जागतात. पहिल्या रात्री पंचवीस जण कोपऱ्यावर, तिसऱ्या रात्री पंचवीस जण पेंगत आणि एकमेकांवर खेकसत. पहारा ठेवायचाच तर तो बाकीच्यांनी झोपावं म्हणून.

एका वेळी दोघं, कधीच एकटा नाही. रात्री दहा ते दोन एक जोडी, दोन ते सहा दुसरी. जोड्यांच्या वेळा रोज बदलू नका. न्याय म्हणून फिरती पाळी लावतात आणि चौथ्या दिवशी सगळेच कोलमडतात. रोज ठरलेल्या वेळी निदान चार तास सलग झोप मिळाली तर शरीराचं घड्याळ बरंचसं जागेवर राहतं, बाकीची झोप तुकड्यांत घेतली तरी चालते. याला नांगर-झोप म्हणायला हरकत नाही. पहिल्या जोडीचा नांगर दोन ते सहा, दुसरीचा दहा ते दोन. दुपारी वर दीड तास.

पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही जोड्या सोबत असाव्यात. गाढ झोपेतून उठलेला माणूस पंधरा ते तीस मिनिटं बोलतो जाग्यासारखा आणि ठरवतो झोपेतल्यासारखा. सर्वांत अवघड वेळ पहाटे तीन ते पाच. कॉफी घ्यायची तर पाळीच्या सुरुवातीला, संपताना नाही. तिचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात.

आणि सगळ्यांना उठवायचं कधी, हे संध्याकाळीच लिहून भिंतीला लावा. आग, जमाव गल्लीच्या तोंडाशी येणं, कुणी जखमी होणं. एवढंच. लांबून आलेला आवाज, कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ, "असं ऐकलंय", यासाठी कुणाला उठवायचं नाही. वहीत वेळ घालून नोंद करायची, पुढे "खात्री झाली" किंवा "नाही" लिहायचं. सकाळी ती वही वाचली की रात्रीच्या अफवांची लायकी कळते.

सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका ढिला होतो, चोवीस तासांना ०.१० टक्क्यांइतका. हे १९९७ मध्ये मोजून दाखवलंय. म्हणून रात्रभर जागलेल्याला सकाळी जखमींना घेऊन गाडी चालवायला पाठवू नका, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी.

ओंजळ
गस्तवाला, प्रतिसाद फार आवडला. राखणीचा भार एकाकडे गेला की बाकीच्यांच्या मेंदूतली राखण उतरते, वर आलेला मुद्दाच हा.

अवांतर: आपल्याकडे यासाठी "जागल्या" हा नेमका शब्द होता. गावाची रात्रीची राखण करणारा. गाव झोपायचं कारण कुणीतरी ठरलेला माणूस जागा असायचा.

तिरकस
आता फोनवरच्या गटातला प्रत्येकजण जागल्या आहे आणि राखण मात्र कुणाचीच होत नाही.

खिडकी_बंद
खोलीबद्दल. रस्त्याच्या बाजूची खोली सोडा, आतल्या खोलीत सगळे एकत्र झोपा. ते जमत नसेल तर पलंग खिडकीच्या समोरून काढून खिडकीच्याच भिंतीलगत, पण काचेच्या खाली येणार नाही असा सरकवा. दगडाने फुटलेली काच समोर उडते. जाड पडदा ओढलेला असेल तर बरेच तुकडे त्यात अडकतात. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून काच मजबूत होत नाही, तो वेळ पडदे लावण्यात घालवा.

पलंगाशेजारी बूट (चप्पल नको, काचा असतात), विजेरी, चष्मा, किल्ल्या. दाराजवळ एक पिशवी: कागदपत्रं, औषधं, पाणी, चार्जर. ही तयारी दिवसाउजेडी करा आणि रात्री तिला हात लावू नका. रात्री अंथरुणात पडून "किल्ली कुठे ठेवली" हे तिसऱ्यांदा आठवणारा मेंदू झोपत नाही. निजण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहिणारे, आज काय केलं ते लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले असा २०१८ चा एक छोटा प्रयोग आहे. एकूण ५७ माणसं, म्हणजे डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं काही नाही, पण फुकट आहे.

खुसपट
कानात बोळे घालायचे का? हो म्हणाल तर धोका ऐकू येणार नाही, नाही म्हणाल तर झोप नाही.

खिडकी_बंद
पहाऱ्यावर कुणी असेल तरच, आणि घरातल्या एकाचे कान उघडे राहतील असं.

फोमचे बोळे बहुतेक लोक चुकीचे घालतात. कोरड्या बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा. उलट्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे कानाची वाट सरळ होते. वात आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट लावून धरायची, फुगेपर्यंत. बोळा अर्धा बाहेर डोकावत असेल तर तो नुसता शोभेचा. पाकिटावर तीस डेसिबलच्या आसपास आकडा असतो, घरगुती वापरात बऱ्याचदा त्याच्या निम्मंच पदरात पडतं. घुमणाऱ्या खालच्या पट्टीच्या आवाजाला, म्हणजे हेलिकॉप्टर, जनरेटर, मोठ्या गाड्या, यांना ते त्याहून कमी अडवतात.

त्या घुमण्यावर पंख्यासारखा एकसुरी आवाज बरा. पंखा पलंग आणि खिडकीच्या मध्ये ठेवा. आवाज एवढाच ठेवा की पलंगावरून साध्या आवाजात बोलता येईल. तो टोकं बुजवण्यासाठी असतो, जगच बुजवायला नव्हे.

साखरझोप
अश्रुधुराबद्दल कुणीच लिहिलं नाही. रात्री दोनला डोळे चुरचुरून जाग येण्याचं ते ठरलेलं कारण आहे.

अश्रुधूर हा खरं तर वायू नव्हे. नेहमी वापरला जाणारा सीएस हा घन पदार्थ आहे, त्याची बारीक भुकटी हवेत तरंगते आणि कपड्यांवर, केसांत, गादीवर बसते. दिवसा बाहेर सापडलेला माणूस रात्री तसाच झोपला की केसांतली भुकटी उशीवर, उशीवरून डोळ्यांत. प्रत्येक कूस बदलली की पुन्हा उडते.

म्हणून बाहेरून आलेल्याने कपडे निजायच्या खोलीबाहेर काढून पिशवीत बंद करायचे. शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा नाही. आधी डोकं पुढे वाकवून केस धुवायचे, पाणी चेहऱ्यावर ओघळू द्यायचं नाही, मग साबण लावून अंघोळ. डोळे चोळायचे नाहीत, साध्या भरपूर पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून टाकून द्यायच्या. बाहेर धूर असताना खिडक्या बंद, तो ओसरल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळवायची. केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा. चादरी-अभ्रे वेगळे धुवा. दम्याच्या माणसाची छाती भरून आली किंवा शिट्टी वाजायला लागली तर "सकाळी बघू" नको.

पेंगुळलेला
फोनचं सांगा. तोच खरा वैरी, तिरकस यांच्याशी सहमत.

आकडेमोड
२०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतरचा अभ्यास यात फार उद्धृत होतो. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली.

पण "फोन बंद करा" हा सल्ला अशा रात्री कुणी पाळणार नाही, आणि पाळूही नये. त्यापेक्षा फोनला गाळणी लावा. "व्यत्यय नको" चालू करून फक्त तीन-चार जणांचे कॉल आत येऊ द्या, त्यात पहाऱ्यावरच्या दोघांचे नंबर हवेतच. बाकी कुणाला अगदीच गरज असेल तर पुन्हा लगेच कॉल करण्याची सोय असते: आयफोनवर त्याच नंबरवरून तीन मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजतो, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत. ही सोय सेटिंगमध्ये चालू आहे ना ते दिवसा एकमेकांना कॉल करून तपासा. संदेशांचे सगळे गट मुके. बातम्या दिवसातून दोनदा, शेवटच्या निजायच्या दीड-दोन तास आधी. फोन हाताच्या अंतरावर नको, खोलीत पण उठून घ्यावा लागेल इतका लांब.

मूलभूत_शंका
आणि इंटरनेटच बंद केलेलं असेल तर? मग झोप छान लागत असेल.

ओंजळ
उलटंच दिसतं. बातमी बंद झाली की प्रत्येक आवाजाचा अर्थ आपणच लावायचा, आणि रात्री लावलेला अर्थ नेहमी वाईटच असतो. साधे कॉल आणि एसएमएस चालू असतील तर नातेवाइकांशी वेळ ठरवून घ्या: रात्री नऊला एक, सकाळी सातला एक, बाकी वेळी संपर्क नाही झाला तर काळजी करायची नाही असं आधीच बोलून. वेळ ठरलेली नसली की एक बाजू रात्रभर नंबर फिरवत बसते.

आजीची_गोधडी
मुलांचं लिहिते. दोन वेगळे प्रकार असतात आणि उपाय उलटे.

दुःस्वप्न बहुतेक पहाटेकडे येतं. मूल पूर्ण जागं होतं, काय दिसलं ते सांगतं, कुशीत शिरतं. त्याला जवळ घ्या, खोली दाखवा, "दार लागलंय, बाबा जागे आहेत" असं ठोस सांगा. "काही झालेलं नाही" असं म्हणू नका, मुलाने बाहेरचं ऐकलेलं असतं. दुसरा प्रकार झोपेतल्या भीतीच्या झटक्याचा. निजल्यावर साधारण एक ते तीन तासांत मूल किंकाळी फोडून उठतं, डोळे उघडे, घामाघूम, आणि आपल्याला ओळखत नाही. ते गाढ झोपेतच असतं. हलवून जागं करू नका, लागणार नाही एवढं पाहा, काही मिनिटांत आपोआप निजतं. सकाळी त्याला काही आठवत नाही, आणि आठवण करून द्यायचीही गरज नाही. झोप कमी पडली की हे झटके वाढतात, म्हणून अशा दिवसांत मुलाला अर्धा तास लवकर निजवा.

काही आठवडे मोठ्यांजवळ झोपू दिलं तर सवय बिघडेल ही चिंता आत्ता करू नका. अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं तर रागवायचं नाही, चादर बदलायची आणि विषय बंद.

खुसपट
मोठ्यांनी सरळ एक गोळी घेऊन झोपावं. एवढा खटाटोप कशाला?

साखरझोप
कारण गोळीने राखण संपत नाही, फक्त राखणदार झिंगतो. आग लागली तर त्याला ओढत न्यायला दोन माणसं लागतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: धक्कादायक घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात प्रौढांना ताणाच्या लक्षणांसाठी किंवा निद्रानाशासाठी बेंझोडायझेपीन या शामक गटातल्या गोळ्या देऊ नयेत. मुलांना तर नाहीच. मात्र उलटी बाजूही टिपणात घ्या. जे आधीपासून रोज अशा गोळ्या घेतात त्यांनी संचारबंदीत साठा संपला म्हणून एकदम थांबवू नयेत. झोप तर उडतेच, आकडीही (फिट) येऊ शकते. बंदची चाहूल लागली की पहिलं काम अशा औषधांचा साठा मोजणं.

मद्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री चाळण होते. शेजाऱ्याने दिलेली खोकल्याची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. रात्री उठला की गोंधळतो, पडतो.

झोपेतल्या श्वासरोधासाठी सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं) वापरणाऱ्यांनी वीज जाणार हे गृहीत धरा. दमटपणा देणारा भाग आणि गरम नळी बंद केली की विजेचा खप खूप उतरतो, तीच बॅटरी मग बरीच जास्त टिकते. कंपनीचा डीसी जोड मिळवून थेट बॅटरीवर चालवलं तर इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीजही वाचते. यंत्र नसलेल्या रात्री निदान कुशीवर झोपा, पाठीवर नको.

खुसपट
बरं, गोळी मागे घेतो. खोडसाळपणाच होता.

अर्धोन्मीलित
तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललेलं नाही. माझ्या मते टिपणाचा गाभा तोच.

आर्थर स्पीलमन यांनी निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली: मुळातली घडण, सुरू करणारी घटना, आणि टिकवून ठेवणाऱ्या सवयी. अशांतता हा मधला थर. ती संपते. पण त्या दिवसांत तग धरण्यासाठी जे केलं ते मागे उरतं आणि तेच आता झोप खातं. संचारबंदीत दिवसभर घरात, म्हणजे उजेड कमी आणि घड्याळ ढिलं. करायला काही नाही म्हणून दहा-दहा तास अंथरुणात, त्यातले पाच तास जागे. दुपारी तीन तास ताणून दिलेली. फोन उशाशी. अंथरूण ही झोपायची जागा न राहता कान टवकारून पडायची जागा झाली, आणि शरीर हे फार पटकन शिकतं. वर शांतताच संशयास्पद वाटते. रोज रात्री गाडी फिरायची ती फिरली नाही म्हणून जाग येते.

उपाय जुनेच आहेत, नेटाने केले तर लागू पडतात. सकाळी उठण्याची वेळ एकच, कितीही वाजता झोप लागली तरी. उठल्यावर अर्धा तास बाहेरचा उजेड. ढगाळ दिवशीही बाहेर घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो. झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं (अंदाजाने, घड्याळ न बघता) डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी नीरस करायचं, पेंग आली की परत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये हेच सांगितलं होतं.

तरी जमेना तर झोपेची खिडकी आवळायची. आठवडाभर वहीत लिहा: अंथरुणात किती तास, त्यात झोप किती. समजा नऊ तास पडून सरासरी सहा तास झोप, म्हणजे ६७ टक्के. मग अंथरुणात फक्त सहा तास: उठायचं साडेसहाला तर जायचं साडेबाराला. साडेपाच तासांच्या खाली कधीच न्यायचं नाही. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. पहिला आठवडा वाईट जातो, दिवसा पेंग येते, तेव्हा वाहन चालवणारे, यंत्रावर काम करणारे, अपस्माराचे किंवा उन्माद-नैराश्याचे रुग्ण यांनी हे आपल्या मनाने करू नये. वर्तनोपचाराचा हा संच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ पासून जुनाट निद्रानाशाचा पहिला उपचार म्हणून सांगितलाय, गोळ्या त्याच्या नंतर.

ओंजळ
आणि तेच ते स्वप्न परत परत पडत असेल तर? जाळपोळ, पळणं, दार न उघडणं.

अर्धोन्मीलित
त्यासाठी वेगळी पद्धत आहे, दिवसा करायची. स्वप्न थोडक्यात लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करून नवं लिहायचं, दार उघडतं, पलीकडे ओळखीचा माणूस असतो, काहीही. रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून फक्त ते नवं स्वप्न मनात चालवायचं. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नका, मधलं घ्या. लिहिताना छाती धडधडून थांबेनासं झालं तर एकट्याने पुढे जायचं नाही, उपचारकाबरोबर करायचं.

महिन्यानंतरही स्वप्नं, दचकणं, त्या रस्त्याने जाणं टाळणं चालू असेल, किंवा आठवड्यात तीन रात्री झोप न लागता तीन महिने गेले, तर डॉक्टरकडे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर महिना मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी.

कानोसा
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. टिपणाचं पहिलं पान असं करतेय: पहाऱ्याच्या जोड्या आणि "कधी उठवायचं" ही यादी सर्वांत वर, मग बूट-विजेरी-पिशवी, मग फोनची गाळणी, मग अश्रुधुरानंतर केस धुणं. दुसऱ्या पानावर मुलं, औषधं आणि निवळल्यानंतरचं. झोपेची खिडकी आवळण्याचं गणितही पहिल्या पानावर घेऊ का? लोकांना आकडे आवडतात.

अर्धोन्मीलित
नको, नको. गडबड चालू असताना कुणी झोप आणखी आवळली तर पहाऱ्यावर उभ्या उभ्या झोपेल. ते दुसऱ्याच पानावर, आणि वर ठळक लिहा: "रस्ता शांत होऊन किमान दोन आठवडे झाल्यावर." तोवर जमेल तिथे, जमेल तेवढी डुलकी हलालच आहे. नेहमी गोळ्या घेणाऱ्यांचं वाक्य मात्र उचलून पहिल्या पानावर न्या, दुकानं बंद झाल्यावर ते वाचून काय उपयोग.

गस्तवाला
यादी भिंतीला लावायची आहे, तेव्हा अक्षर मोठं ठेवा. पहाटे तीनला, विजेरीच्या उजेडात, अर्धवट झोपेतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

तिरकस
शिवाय चष्मा बुटांत ठेवलेला असणार.